सतरावा मुद्दा

संघपालने कानावरचे हेडफोन काढले आणि माझ्या दिशेने, अंदाजाने थोडे डावीकडे धरले. म्हणाला, "अक्का, आता तुम्हीच ऐका. माझे कान बिघडले का साइट, ते तरी कळेल."

मी हेडफोन लावले. पडद्यावर धुळ्याच्या पांझराकाठ शिक्षण मंडळाचं पान उघडं होतं. वर ठसठशीत अक्षरांत 'प्रवेश अर्ज भरण्याआधी हे वाचा' आणि खाली नऊ सूचना. अक्षर देखणं, ओळी सरळ. कानात मात्र पडद्यावरचं वाचून दाखवणारी यंत्रातली बाई भरभर बोलत होती. के, अर्धविराम, एफ, शून्य, उघडा कंस, एस, टक्के. मध्येच श्वास घेतल्यासारखी थांबे आणि पुन्हा सुरू होई.

भाषा बदलायची राहिली असेल, असं मी म्हटलं. त्याने मान हलवली. दुसऱ्या साइटवर हीच बाई मराठी नीट वाचते, हे त्याने मला तिथल्या तिथे ऐकवलं. जळगावचं तापमान, केळीचा भाव, सगळं स्वच्छ मराठीत. परत मंडळाच्या पानावर आलो, की के आणि अर्धविराम.

"हाई बठ्ठं पान असंच शे," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे सगळं पान असंच. "एक शब्द कळत नही."

ती अक्षरं मी ओळखली. जळगावात गोलाणी मार्केटमधल्या डीटीपीच्या दुकानात मी अठरा वर्षं काढली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांच्या माहितीपुस्तिका. तेव्हाचे मराठी फाँट असे होते, की आत साधी इंग्रजी कळ असायची आणि वरून तिला मराठी रूप दिलेलं असायचं. एफ दाबला की पडद्यावर वेलांटी उमटे. फुले मार्केटात दुकानाबाहेर साडी नेसवलेला पुतळा उभा असतो, तसं. लांबून बाई, हात लावला की फायबर. यंत्रातली बाई जे वाचत होती ते माझ्या बोटांचं काम होतं. मी कोणत्या कळा दाबल्या, ते ती एकेक करून सांगत होती.

मंडळाची माहितीपुस्तिका त्या काळी मीच टाइप केली होती. साइट बनवताना त्याच जुन्या फाइलींमधून सातशे पानं मीच उचलून चिकटवली. नवा फाँट वापरू, असं मी एकदा सुचवलं होतं. मंडळाचे सचिव बन्सीलालनाना म्हणाले, आमच्या पुस्तिकेतलं अक्षर आहे तसंच पाहिजे, लोकांच्या डोळ्यांना सवय आहे. मी बरं म्हटलं. मला कुणाला नाही म्हणायची सवय नव्हती.

दुकान बंद पडल्यावर हेमराजने मला त्याच्या ऑफिसात घेतलं. हेमराज आमच्या धरणगावचाच, माझ्या धाकट्या दिरासोबत शिकलेला. दोन खोल्यांचं ऑफिस, पाच माणसं, वेबसाइट बनवून द्यायच्या. पानं चिकटवायची आणि शेवटी साइट तपासायची, हे काम माझं. आंधळ्या, बहिऱ्या, हात थरथरणाऱ्या माणसालाही साइट वापरता यावी म्हणून तपासायची एक यादी असते. आमची अठ्ठेचाळीस मुद्द्यांची होती. प्रत्येक फोटोला वर्णन आहे का. माउस न धरता फक्त कीबोर्डने सगळीकडे जाता येतं का. अक्षर आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक आहे का. अर्जात चूक झाली तर कुठे झाली ते साइट सांगते का. पुढे हो किंवा नाही, आणि खाली सही: बेबाबाई गिरधर पाटील.

ते काम मला मनापासून आवडायचं. सकाळी पोथीचा अध्याय वाचताना मी ओळ सोडत नाही, तसंच इथे. एक झाल्याशिवाय दोन नाही. हेमराज हसायचा, म्हणायचा, अक्का यादी तपासत नाहीत, पारायण करतात. सतरावा मुद्दा होता, 'पानावरचा मजकूर खरा मजकूर आहे, चित्र नाही.' तो तपासायची माझी रीत ठरलेली. शब्दांवरून माउस ओढायचा. शब्द निळे झाले की मजकूर खरा. तीन वर्षांत अकरा साइट अशा तपासल्या. अकराही ठिकाणी सतराव्यापुढे हो.

या वेळी सरकारकडून नवी अट आली होती, की यादीवर एका दृष्टिहीन तपासनिसाचीही सही हवी. म्हणून संघपाल आला. पाचोऱ्याचा, सत्तावीस वर्षांचा, जन्मापासून न दिसणारा. रोज गाडीने येई आणि स्टेशनवरून चालत ऑफिसात. पहिल्या दिवशी मी त्याचा हात धरायला गेले, तर म्हणाला, "अक्का, जिना मी मोजला शे. तुम्ही पडाल माझ्यापायी." हेमराजने त्याला महिन्याच्या बोलीवर घेतलं होतं. खरं सांगायचं तर सहीपुरतंच. पण हा पोरगा सहीपुरता राहणारा नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्याने मला दाखवलं, की मी सगळ्या फोटोंना वर्णन म्हणून 'फोटो' एवढंच लिहिलंय आणि यंत्र त्याला 'फोटो, फोटो, फोटो' असं ऐकवतंय. "लग्नातल्या फोटोवाल्यासारखं," तो म्हणाला. मी लाजून हसले आणि सगळी वर्णनं नव्याने लिहिली. तेव्हा वाटलं, चूक एवढीच असेल.

सतराव्या मुद्द्याचं मी त्याच दुपारी हेमराजला सांगितलं. त्याने हेडफोन लावले, दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळ चोळलं. तो वाईट माणूस नाही. दिवाळीला घरी येऊन माझ्या पाया पडतो. सातशे पानं बदलायला किती दिवस, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, यंत्राने बदलता येतात, पण जोडाक्षरं फुटतात, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागेल. वीस दिवस. तो म्हणाला, शुक्रवारी उद्घाटन आहे, त्याच दिवशी प्रवेश सुरू. सात महाविद्यालयांचे प्रवेश आणि अर्ज फक्त साइटवरून. नानांनी पत्रिका छापल्या.

मग तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळू आवाजात बोलला. यादीत काय लिहिलंय, मजकूर चित्र नसावा. तो चित्र नाही. म्हणजे यादीप्रमाणे हो. फाँटाबद्दल यादीत अक्षर नाही. साइट सुरू होऊ द्या, पुढच्या दोन महिन्यांत पानं बदलू. "आणि अक्का, दोघांच्या सह्या आल्या की संघपालची नेमणूक मी पक्की करतो. कागद तयार आहे माझ्याकडे."

त्या संध्याकाळी दिवा लावला, तरी माझं चित्त नव्हतं. एका सहीवर त्या पोराचं पोट होतं. पाचोऱ्यात त्याची आई, कलाबाई, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते, हे मला माहीत होतं. खोटं माझ्या नावावर आणि भलं त्याचं, असं मी मनाशी जुळवून पाहिलं. देवाला सांगता येईल असं वाटलं. जेवताना यांना विचारलं. माझे यजमान गिरधर फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या सोमवारांचं आठवतं का?"

मला आठवत होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी सोळा सोमवार धरले होते. बाराव्या सोमवारी एका साखरपुड्यात, बोलता बोलता, समोरच्या ताटलीतली शेव तोंडात टाकली. एवढीशी चिमूट. घरी आल्यावर लक्षात आलं. सासूबाई म्हणाल्या, कुणी पाहिलं नाही, पुढं चालू ठेव. मी पुढच्या सोमवारी पुन्हा पहिला मोजला. तेरावा मोजता आला असता, पण मग मी काय मोजते आहे तेच मला कळलं नसतं.

गुरुवारी सकाळी आम्ही हेमराजच्या गाडीतून धुळ्याला निघालो. साइट मंडळाच्या ताब्यात द्यायची होती आणि सह्या तिथेच व्हायच्या होत्या. मी पुढे, संघपाल मागे. एरंडोल मागे पडलं. मग हेमराजनेच विषय काढला, की अंध मुलांना अर्ज भरायला कुणी ना कुणी असतंच, नाही का रे संघपाल, तुझं कसं झालं होतं?

संघपाल म्हणाला, माझा अर्ज नेटकॅफेवाल्याने भरला होता, बारावीनंतर. मी सांगितलं, इतिहास. त्याने बोट घसरून भूगोल केलं. मला काय कळणार, पडदा त्याच्यापुढे. कॉलेजात गेलो तर नाव भूगोलाच्या यादीत. आता बदलता येणार नाही म्हणाले, मुदत गेली. "वर्षभर नकाशाच्या तासाला बसलो. सर नकाशा टांगायचे आणि म्हणायचे, पाहा, ही तापी. मी पाहायचो." हेमराजला हसू फुटलं. मीही हसले, तोही हसला. "मित्र निंबा माझं बोट धरून फिरवायचा भिंतीवर. गुळगुळीत कागद. म्हणायचा, आता तू गुजरातमध्ये शिरला. एक दिवस निंबा आला नाही, मी एकटाच बोट फिरवत बसलो. सर म्हणाले, अरे, तो नकाशा नाही, कॅलेंडर आहे." हेमराज स्टिअरिंगवर हात आपटून हसला. मग संघपाल म्हणाला, "वर्ष गेलं ते गेलंच. नापास."

तेवढ्यात पारोळा आला. तिथे चहाला थांबलो. हेमराज फोनवर बोलत लांब गेला, तेव्हा मी संघपालला म्हटलं, तू सही करून टाक. मी मोठी आहे, जे काही लागेल ते मला लागेल.

त्याने कप बाकावर ठेवला. जागा चाचपून, नीट. "अक्का, तुम्ही माझ्यासाठी हो लिहिणार. मी तुमचं मन राखायला हो लिहिणार. मंग ते पान कोन वाचणार?"

मी माझा कप त्याच्या कपाशेजारी ठेवला. मला एकदम हलकं वाटलं. मी त्याची भीती माझ्याकडे घेऊन बसले होते आणि त्याला मुळी भीतीच नव्हती. निदान माझ्याइतकी नव्हती.

मंडळाच्या कार्यालयात बन्सीलालनाना आमची वाट पाहत होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात उद्घाटनाच्या पत्रिकांचा गठ्ठा. कोपऱ्यात आवकजावकच्या टेबलावर भूमिका नावाची लेखनिक बसली होती. समोर जाडजूड नोंदवही, शाईची गादी, शिक्का. मला आवडलेली गोष्ट अशी, की आत येणारा प्रत्येक जण आधी तिच्या टेबलावर कागद ठेवत होता. ती मान वर न करता शिक्का मारी, नंबर टाकी, विषय लिही. टपालवाला आला तरी तेच, शिपाई आला तरी तेच. नाना फोनवर होते, म्हणून मी बराच वेळ तिच्याकडेच पाहत बसले. ज्या कागदावर शिक्का पडे, तो मग कुणाचाच राहत नसे. तो फाइलीत जाई.

नानांनी पडदा पाहिला, खूश झाले. म्हणाले, अक्षर झकास आलं, बेबाबाई, अगदी आपल्या पुस्तिकेसारखं. मी म्हटलं, नाना, जरा ऐकूनही घ्या. संघपालने कॉम्प्युटरचा आवाज मोठा केला आणि कळ दाबली. कार्यालयभर के, अर्धविराम, एफ, शून्य घुमायला लागलं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. नाना थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग हसले.

"अहो, ज्याला दिसतं त्याला दिसतंय. ज्याला दिसत नाही त्याला दिसत नाही, यात साइटचा काय दोष?"

हेमराज घाईने म्हणाला, नाना, ते आम्ही करून देऊ, दोन महिन्यांत. यादी पूर्ण आहे. त्याने यादी माझ्यापुढे सरकवली आणि पेन ठेवलं. सत्तेचाळीस मुद्द्यांपुढे मी आदल्या दिवशीच खरं ते लिहिलं होतं. सतरावा कोरा होता.

मी नानांना विचारलं, "अर्ज भरायची शेवटची तारीख काय आहे?"

"पानावर लिहिली आहे की, पंधरा."

"पाहून नका सांगू. ऐकून सांगा."

मी एवढंच म्हटलं, नेहमीच्याच आवाजात. संघपालने तारखेची ओळ ऐकवली. नानांचा चेहरा कडक झाला. म्हणाले, दर वर्षी चार-पाच अंध मुलं येतात, त्यांच्याबरोबर भाऊ असतो, मामा असतो, ते भरतात. आजवर कुणाची तक्रार आली नाही.

"तक्रार करायचं पान पण असंच वाचतं, नाना," संघपाल म्हणाला.

मी पेन उचललं. सतराव्या मुद्द्यापुढे नाही लिहिलं. खाली जागा होती, तिथे एकोणपन्नासावा मुद्दा हाताने लिहिला: 'मजकूर कानाने ऐकून तपासला आहे.' त्यापुढेही नाही. आणि सही केली.

हेमराजने हात पुढे केला. "अक्का, घरी जाऊन बोलू. हा कागद द्या इकडे."

मी पिशवीतून दुसरे कागद काढले. अकरा पत्रं होती, पहाटे अध्याय झाल्यावर हाताने लिहिलेली, कारण त्या दिवशी मला कोणताच फाँट वापरावासा वाटला नव्हता. आधीच्या अकरा संस्थांना, एकाच मजकुराची. आपली वेबसाइट मी तपासली आणि सही दिली. ती तपासणी मी फक्त पाहून केली होती, ऐकून नाही. सबब माझी सही मी मागे घेत आहे. दुरुस्ती करायची असेल तर मी येईन.

हेमराजने पहिलं पत्र वाचलं. त्याचा रंग उतरला. "आधीच्या अकरासुद्धा? त्या तर झाल्या, अक्का. कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही विचारलं," मी म्हटलं.

नाना म्हणाले, बाई, हे तुमच्या अंगावर येईल. मी म्हटलं, येऊ द्या. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला मी असं उत्तर पहिल्यांदाच दिलं. मग उरलेली पत्रं जुळवून पिशवीत ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगते, म्हणजे कुणाच्या मनात आशा राहायला नको. शुक्रवारी उद्घाटन झालं, साइट सुरू झाली, आमच्या होकाराशिवाय. संघपालचा तयार असलेला कागद हेमराजने टेबलाच्या खणातून बाहेर काढलाच नाही. मला त्याने जा म्हटलं नाही, पण यादी दुसऱ्याकडे दिली, आणि पहिल्या तारखेपासून मी जायचं थांबवलं. अकरा पत्रांपैकी तीन पत्रांना उत्तरं आली. चाळीसगावच्या एका वाचनालयाने पानं बदलून मागितली. ती मी घरी बसून बदलते, संघपाल पाचोऱ्याहून फोनवर ऐकतो आणि फुटलेलं जोडाक्षर पकडतो. मंडळाची सातशे पानं अजून तशीच आहेत. दिवाळीला हेमराज आला नाही.

पण त्या गुरुवारी आम्ही कार्यालयातून लगेच उठलो नव्हतो. दुसरी सही राहिली होती.

शिपायाने सवयीने शाईची गादी उचलून संघपालपुढे आणली आणि त्याचा अंगठा धरायला हात पुढे केला. संघपालला शाईचा वास आला असावा. त्याने गादी बाजूला सारली आणि पेन मागितलं. मग कागदाची कड चाचपली आणि मला म्हणाला, अक्का, जागा दाखवा. मी त्याचं बोट ओळीवर ठेवून हात काढून घेतला. तो लिहू लागला. आधी नाही. मग नाव, एकेक अक्षर, पूर्ण, संघपाल भिका सोनवणे. त्याला वेळ लागला. अक्षरं ओळीच्या वर चढली, पण एकमेकांवर पडली नाहीत.

त्याने कागद उचलला, काठी उघडली आणि शिक्क्याचा आवाज येत होता त्या दिशेने चालू लागला. नाना म्हणाले, भूमिका, तो कागद घेऊ नको. तोवर तो तिच्या टेबलावर ठेवला गेला होता आणि तिचा हात सवयीने खाली आला होता.

"नाना, शिक्का पडला," ती म्हणाली.

तिने नोंदवही पुढे ओढली, आणि पहिल्यांदाच मान वर करून संघपालकडे पाहिलं. विषय काय लिहू, असं विचारलं. नानांना नाही, त्याला.

"वेबसाइट तपासणी," तो म्हणाला. "दृष्टिहीन व्यक्तीस वाचता येत नाही. दोन तपासनिसांच्या सह्या."

तिने लिहिलं. तो तिथेच उभा राहिला.

"ताई, काय लिहिलं ते वाचून दाखवा."

भूमिकाने एकदा नानांकडे पाहिलं. मग वहीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. आवक क्रमांक, तारीख, विषय. संघपाल मान किंचित खाली घालून ऐकत होता. त्या मंडळाची मराठीतली पहिली ओळ त्याच्या कानावर पडत होती.